धर्माजींच्या घड्याळाची चावी

लेकीच्या, म्हणजे पूर्वीच्या, लग्नाला अकरा दिवस उरले होते आणि सकाळी पावणेसहाला ओटीवरून पुन्हा तो आवाज सुरू झाला. कर्र, कर्र, कर्र. समिधा स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी होती. आता थांबेल, मग थांबेल म्हणून तिने आलं ठेचलं, साखर घातली, चहाला उकळी आली, तरी आवाज आपला चालूच. शेवटी रोज व्हायचं तेच झालं. सासऱ्यांनी हाक मारली.

"समिधा, जरा ये गो. हे आजपन भरत नाय."

गेले दोन महिने माकुणसारच्या त्या घरात दिवस असाच उजाडत होता. धर्माजी ब्याऐंशी वर्षांचे. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, डाव्या हातात घड्याळ धरायचं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याचं बारीक बटण पिळत राहायचं, हा त्यांचा कार्यक्रम. पन्नास फेरे झाले, शंभर झाले, दीडशे झाले, घड्याळ काही पुरे म्हणत नसे. मग बोटं दुखायला लागली की घरातल्या कोणाला तरी हाक, आणि कोणाला तरी म्हणजे समिधालाच. नवरा प्रफुल्ल तारापूरच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि घरी असला की झोपलेला असायचा. लेक पूर्वी लग्नाची नवरी, तिच्या हातांना सध्या कोणी काम सांगत नव्हतं.

समिधाने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला, घड्याळ घेतलं, उभ्या उभ्या वीस फेरे दिले आणि भरलं म्हणून परत केलं. धर्माजींनी ते कानाला लावलं, पुन्हा बटण पिळून पाहिलं. बटण मऊसूत फिरलं. मग त्यांनी सुनेकडे असं पाहिलं, जणू तिनेच हातचं राखून चावी दिली. समिधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ पत्रिका वाटायच्या बाकी होत्या, मांडववाला माप घ्यायला येतो म्हणून चार दिवस तोंड दाखवत नव्हता, पालघरच्या शिंप्याने तिचा ब्लाउज लेकीच्या मापाने शिवून ठेवला होता, आणि ती इथे सकाळी सकाळी घड्याळ पिळत उभी.

एका घड्याळाचं एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण त्यांच्या आळीत लग्नाचा मुहूर्त भटजींच्या घड्याळावर लागत नाही, तो धर्माजींच्या हातावर लागतो. फार पूर्वी पालघरकडून एक भटजी यायचे. त्यांना एका दिवसात दोन-दोन लग्नं गाठायची असत, त्यामुळे आळीत आले की त्यांचं घड्याळ नेमकं दहा मिनिटं पुढे असायचं. दोन लग्नं अशी मुहूर्ताआधीच उरकली गेल्यावर मंडळी चिडली आणि ठरलं की यापुढे वेळ आपला माणूस सांगेल. आळीत तेव्हा मनगटी घड्याळ एकट्या धर्माजींकडे होतं. पानवेलीच्या वाडीत जाण्याआधी ते रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांना ते लावून घेत. तेव्हापासून बावन्न वर्षं, लग्न कुणाचंही असो, धर्माजी भटजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मिनिट भरलं की उजवा हात वर करतात. हात वर झाला की अंतरपाट खाली. आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत आणि सगळ्या मोबाईलांत एकच वेळ आहे, हे आळीला कळत नाही असं नाही. पण धर्माजींचा हात वर झाल्याशिवाय आळीतल्या बायका मुठीतल्या अक्षता सोडत नाहीत.

जुन्या घड्याळाची स्प्रिंग दिवाळीत तुटली आणि ज्या म्हाताऱ्याकडे ते दुरुस्तीला जायचं त्याने दुकान कायमचं बंद केलेलं होतं. तेव्हा नातवाने, समिधाच्या लेकाने मितेशने, हे नवीन आणलं. मितेश बोईसरला एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. त्याने मोठ्या हौसेने आजोबांना समजावलं, की हे ऑटोमॅटिक आहे, हाताला बांधायचं, हात हलला की आतलं वजन फिरतं आणि चावी आपोआप बसते. मागच्या काचेतून ते वजन फिरताना दाखवलंही. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण जाता जाता म्हणाला, वाटलंच तर थोडी हातानेपण देऊ शकता. त्या एका वाक्याने घराला कामाला लावलं.

धर्माजींचा हिशेब सरळ होता. जुन्या घड्याळाला सव्वीस फेरे दिले की बटण अडायचं. अडलं म्हणजे भरलं. हे अडतच नाही, म्हणजे हे भरलेलं नाही. समिधाने सांगितलं, मितेशने फोनवरून सांगितलं, प्रफुल्लने अर्धवट झोपेत सांगितलं. ते सगळ्यांचं ऐकून घेत आणि पुन्हा बटणाला हात घालत. केळव्याचा इंद्रजीत लग्नासाठी नारळ द्यायला आला, तर त्यालाही साठ फेरे दिल्याशिवाय पाणी मिळालं नाही. लग्नाच्या कामाला हातभार लावायला आलेल्या बायका तर ओटीवर बसायलाच घाबरू लागल्या.

त्यातून बातमी आळीत फिरली, की धर्माजींचं नवं घड्याळ भरत नाही. बातमी फिरल्यावर चिंतूभाऊ येणार हे ठरलेलंच. चिंतूभाऊ प्रफुल्लचा चुलतभाऊ, आळीतल्या प्रत्येक कार्यात पुढे पुढे करणारा. त्याने चहा घेतला, लाडू खाल्ला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, की काकांचं आता वय झालं, जावई शिरगावचा, तिकडची माणसं शिकलेली, उगाच हसं नको. मुहूर्त मी सांगतो मोबाईल बघून, काकांना पुढच्या खुर्चीवर मानाने बसवू.

समिधाला त्या मानाचा अर्थ चांगला ठाऊक होता. एकदा दुसऱ्याचा हात वर झाला की धर्माजींचा पुन्हा कधीच वर व्हायचा नाही. आणि तो त्यांच्या सख्ख्या नातीच्या लग्नात खाली राहायचा. लग्न ठरलं तेव्हा पूर्वीने एकच हट्ट धरला होता, हॉल नको, मांडव घरी घाला आणि मुहूर्त आजोबा सांगतील. समिधा सासऱ्यांवर दिवसातून दहा वेळा वैतागत असेल, पण तीस वर्षं या घरात काढल्यावर त्यांचा हात असा चिंतूभाऊच्या मोबाईलपुढे खाली गेलेला तिला बघवला नसता. अडचण ही होती, की खुद्द धर्माजीच आता म्हणायला लागले होते, न भरलेल्या घड्याळावर पोरीचं लगीन कसं लावू.

शेवटी तिने मनाशी ठरवलं, की आता याचा एकदाच काय तो निकाल. शनिवारी मितेशच्या स्कूटरवर मागे बसली, पालघरला शिंप्याला चार शब्द सुनावले आणि तशीच पुढे बोईसरला गेली. स्टेशनजवळच्या गल्लीत धर्मेशचं घड्याळांचं दुकान आहे. पुढच्या काउंटरला पाळी सुटलेले कामगार हिंदीत मोबाईलच्या कव्हरांची घासाघीस करत होते आणि मागच्या कोपऱ्यात धर्मेश डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने घड्याळ उघडलं, एका यंत्रावर ठेवलं आणि सांगितलं, एकदम बरोबर आहे. न अडण्याचं कारणही सांगितलं. भरलं की आतली पट्टी सरकते, म्हणून बटण फिरतच राहतं. कोणी जास्त चावी दिली तरी तुटू नये म्हणून केलेली ती सोय आहे, बिघाड नाही.

समिधाला इतकं हलकं वाटलं की तिला तिथेच वडापाव खावासा वाटला. पण धर्मेशने भिंग काढलं नाही. आत बघतच त्याने विचारलं, चावी कोण देतं आणि किती वेळा. ती म्हणाली, सकाळी सासरे देतात, मग कंटाळले की मी. धर्मेशने मान हलवली.

"ताई, आतलं चाक घासलंय बघा. दोन महिन्यांत एवढं घासत नाही. हे कोणीतरी दिवसातून दहा-पंधरा वेळा देतंय."

तिला ते दुकानदारी बोलणं वाटलं. मोठं काम काढायचं म्हणून सांगत असेल. पण त्याने काम काढलंच नाही, नुसतं पुसून परत दिलं आणि बजावलं, हातावर बांधत असतील तर चावीची गरज नाही, आणि मन राहत नसेल तर रोज एकदा, मोजून चाळीस फेरे, बस. परतीच्या वाटेवर ती पाठ करत आली. रोज एकदा. मोजून चाळीस.

रविवारी सकाळी सहाला तिने झोपाळ्यासमोर स्टूल ओढून घेतलं. बाबा, बोईसरच्या कारागिराने सांगितलंय, म्हणाली, चाळीस झाले की हे भरतं, अडो वा न अडो. धर्माजींनी कारागिराचं नाव, गाव, दुकान कुठे, सगळं विचारून घेतलं. मग दोघांनी मिळून चावी दिली. ते पिळत होते, ती मोठ्याने मोजत होती. चाळीस म्हटल्यावर त्यांनी शहाण्या मुलासारखं बटण सोडलं आणि घड्याळ हाताला बांधलं. समिधाचा जीव भांड्यात पडला. तिने कप विसळले, बादली उचलली आणि कपडे वाळत घालायला मागच्या दाराने अंगणात गेली. दोन साड्या टाकून झाल्या नसतील.

कर्र, कर्र, कर्र.

ती हातातलं ओलं धोतर घेऊनच ओटीवर आली. तिचा आवाज चढलेलाच होता. म्हणाली, आत्ता आपण दोघांनी दिली ना, मोजून चाळीस, तुमी मुद्दाम करता का हे, मला दुसरी कामं नाहीत का. धोतराचं पाणी ओटीवर गळत होतं.

धर्माजींनी वर पाहिलं आणि विचारलं, "कदी?"

चेष्टा नव्हती ती. हट्टही नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मग ते हसून म्हणाले, हां हां, दिली, दिली. ते हसू समिधाने ओळखलं. परवा आत्याची पत्रिका पाठवली का असं त्यांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं होतं आणि ती खेकसली होती, तेव्हाही ते असंच हसले होते. चहा व्हायचाय का असं चहा पिऊन झाल्यावर विचारलं होतं, तेव्हाही. तिला वाटत होतं, म्हातारपणी माणूस छळवादी होतो, दुसरं काय. ती धोतर तसंच कठड्यावर टाकून झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसली. सासऱ्यांच्या शेजारी झोपाळ्यावर ती तीस वर्षांत पहिल्यांदा बसली असेल.

धर्माजींनी अंगठ्याने घड्याळाची काच पुसली. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "जुनं सांगायचं गो. बटनाला हात लावला की लगेच अडायचं. मग मला कळायचं, दिलेली हाय. दिवसातून कितीदा हात लावला तरी अडायचं. हे काय सांगतच नाय."

"कदीपासून हाय हे, बाबा?"

"काय ठाव. तीन वर्सं असतील." त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला. "मितेशला नको सांगू. पोरानं हौसेनं आणलंय. घड्याळच बिगडलंय म्हन ना. तसंच म्हनत र्‍हा."

समिधाला आधी त्यांचा राग आला. तीन वर्षं हा माणूस एकटा हे लपवत बसला होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. मग स्वतःचा राग आला, कारण पत्ता लागण्यासारखं सगळं रोज तिच्यासमोर घडत होतं आणि तिने त्यावर फक्त खेकसून घेतलं होतं. जुनं घड्याळ दिवसभर त्यांना गुपचूप सांभाळून घेत होतं. तिला ते जमलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेपायी रडू आलं, म्हणून ती कपडे वाळत घालायचे राहिलेत असं म्हणून उठली.

त्या दिवसापासून तिने आवाज चढवणं सोडून दिलं. पत्रिका पाठवली का विचारलं की हो बाबा, पाठवली. पुन्हा विचारलं की पुन्हा, हो बाबा, पाठवली. दुसऱ्यांदा चहा मागितला तर अर्धा कप करून देई. सकाळी चाळीस मोजून झाले की घड्याळ त्यांच्या हाताला घट्ट बांधून टाकी, आणि तरी कर्र ऐकू आलं तर दात आवळून बसे. किती कठीण होतं ते तिलाच माहीत. धर्माजी मात्र तिच्याकडे तिरप्या नजरेने बघू लागले होते. तिचं सगळं ऐकत, पण विश्वास बसल्यासारखे दिसत नसत.

प्रफुल्लला तिने दुसऱ्या दिवशी पाळीला निघताना सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत होता, ती तशीच हातात राहिली. लग्न झालं की पालघरला डॉक्टरकडे नेऊ, म्हणाला. आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, असं असेल तर मुहूर्त चिंतूच सांगू दे, चार लोकांत तमाशा नको. समिधा म्हणाली, नाय. त्यांना घड्याळ बघता येतं, मिनिट कळतं, हात वर करता येतो, त्याला काल-परवाचं आठवायला लागत नाय. मी खुर्चीच्या मागे उभी राहीन. प्रफुल्लने विचारलं, आणि चुकले तर काय करशील. ती त्याचा डबा आणायला आत गेली. हळदीच्या दिवशी चिंतूभाऊ पुन्हा आला, तेव्हा त्याला मात्र तिने सरळ सांगितलं, की घड्याळ बोईसरहून तपासून आणलंय, सेकंदाचाही फरक नाही, तुमी शिरगावच्या मंडळींचं चहापाणी बघा.

मुहूर्त बारा वाजून नऊ मिनिटांचा होता. मांडव माणसांनी भरला. शिरगावची मंडळी पुढे बसली होती, निम्म्यांचे मोबाईल वर धरलेले. धर्माजींनी पांढरं धोतर नेसलं होतं, काळा कोट घातला होता, आणि ते भटजींच्या शेजारी खुर्चीवर डावं मनगट मांडीवर ठेवून बसले होते. मुलीच्या आईने या वेळी घरात बसायचं असतं असं दोघी-तिघींनी समिधाला सांगून पाहिलं. ती खुर्चीच्या मागून हलली नाही. मंगलाष्टकं चालू होती. तिने पदराआड मोबाईल धरला होता. बारा-आठ. धर्माजींची मान घड्याळावरून उठत नव्हती. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक लांबवलं. तिच्या मोबाईलवर आठाचे नऊ झाले आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याचा उजवा हात सरळ वर गेला.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, पूर्वी हसत होती. समिधाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने चिंतूभाऊ कुठे आहे ते मुद्दाम बघून घेतलं.

मग हार घालायची वेळ आली. नवरदेवाच्या, अक्षयच्या, मित्रांनी त्याला उचलून धरलं, पूर्वीचा हात पोचेना, एकच गलका झाला. त्या गलक्यात समिधाने खाली पाहिलं. धर्माजी पुन्हा घड्याळ बघत होते. बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती. त्यांनी नवरानवरीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मुहूर्त आपल्या हातून निघून गेला, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं तिला स्पष्ट दिसलं. ती वाकून काही बोलणार, तोवर ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुन्हा वर केला. आधीपेक्षाही उंच. आणि हात तसाच धरून ते भटजींकडे बघू लागले.

वाजंत्री थांबली. भटजींनी माईकवरच, चांगुलपणाने, सांगितलं की आजोबा, लग्न लागलं. शिरगावकडच्या बाजूने हसण्याची एक लाट आली. चिंतूभाऊ माणसांतून वाट काढत, काका, काका करत पुढे निघाला. प्रफुल्लने मान खाली घातली. धर्माजींचा हात वरच होता.

समिधाचं डोकं फिरलं. आठ दिवस दाबून ठेवलेला सगळा वैताग वर आला, फक्त या वेळी तो सासऱ्यांवर नव्हता. तिने शेजारच्या कीर्तीच्या हातातलं उरलेल्या अक्षतांचं ताट ओढून घेतलं.

"भटजी, अक्षता टाका."

भटजी म्हणाले, ताई, टाकून झाल्या की.

"मग परत टाका. आमच्या आळीत हात वर झाला की टाकतात."

आणि तिने मूठ भरून लेकीच्या डोक्यावर टाकल्या. आळीतल्या बायकांनी पुढे विचार केला नाही. त्यांचा हातच त्या हाताला सरावलेला. ज्यांच्याकडे उरल्या होत्या त्यांनी टाकल्या, ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी चटईवरच्या वेचून टाकल्या. पूर्वीने हार हातात धरून आजोबांकडे तोंड केलं आणि मान वाकवली. अक्षयला काही समजलं नव्हतं, पण पोरगा भला, त्यानेही वाकवली. अक्षता पडताना बघून वाजंत्र्यांनी वाजवायला घेतलं. शिरगावच्या मंडळींना वाटलं असावं की इकडे अशीच रीत आहे, कारण तेही टाकायला लागले. चिंतूभाऊ वाटेतच उभा राहिला.

धर्माजी खाली बसले. कपाळाचा घाम पुसून त्यांनी विचारलं, वेळेवर झालं ना गो. समिधा त्यांच्या कानाशी वाकली आणि अगदी हळुवारपणे म्हणाली, वेळेवर झालं, बाबा.

पण ते काही निवांत झाले नाहीत. पाया पडायला नवरानवरी आली तेव्हा त्यांनी तिला पुन्हा विचारलं. फोटोला बसवलं तेव्हा पुन्हा. व्याह्यांना पान-सुपारी देताना पुन्हा. चारही वेळा तिने गोड आवाजात तेच उत्तर दिलं आणि चारही वेळा ते तिच्याकडे संशयाने बघत राहिले. मग पंगत बसली. वालाची भाजी कमी पडणार म्हणून आचारी तिच्यामागे लागला होता, व्याह्यांच्या काकूंना पाट मिळाला नव्हता, कोणाच्या तरी लहान मुलाने मठ्ठा सांडला होता, आणि त्या धांदलीत धर्माजींनी तिचा पदर धरला.

"समिधा, खरं सांग. मुहूर्त चुकला का गो माज्याकडून?"

तिच्याही सहनशक्तीला काही मर्यादा होती. ती तिथेच संपली.

"नाय चुकला, बाबा. लगीन झालं, वेळेवर झालं, सगळ्यांनी बघितलं. किती वेळा सांगू तुमाला? आता गप जेवायला बसा."

आवाज इतका चढला होता की अर्धी पंगत वळून बघायला लागली. समिधाने जीभ चावली. आठ दिवसांचं सगळं पाण्यात गेलं म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धर्माजी मात्र तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत होत्या.

"हां," ते म्हणाले. "आता पटलं. आठ दिस तू नुसती गोड बोलतेस. मला वाटलं, माजं काय आता खरं नाय."

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, पाटावर मांडी घातली आणि पानाभोवती पाणी फिरवलं. समिधाने पदराने डोळे पुसले, आणि त्याच चढ्या आवाजात वाढप्याला ओरडून सांगितलं, की बाबांच्या पानात अजून भात पडला नाही, तिकडे लक्ष कुठे आहे.